पर्याय क्रमांक चार: पारडू

समसंबंध हा घटक मी दरवर्षी पाचवीला शिकवते आणि दरवर्षी मनातल्या मनात एका माणसाचा उद्धार करत शिकवते. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत हे प्रश्न असतात. पहिल्या जोडीतल्या दोन शब्दांचं नातं ओळखायचं आणि तेच नातं दुसऱ्या जोडीत लावायचं. पक्षी आणि घरटं, तर मधमाशी आणि काय? पोळं. मुलांना हा खेळ आवडतो. आवडू नये असं त्यात काही नाही. मला मात्र फळ्यावर चार ठिपके काढताना आजही दात-ओठ खावेसे वाटतात.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, अमळनेर आणि धुळ्याच्या मधल्या एका गावात. पाचवीत अकरा मुलं. घरी सगळी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात, आणि दोन्हींच्या मध्ये जे काही बोलतात ते माझ्याशी. मी त्यांना आधी नातं वाक्यात सांगायला लावते. भाकरी तव्यावर भाजतात, तर मांडे कशावर? सगळा वर्ग ओरडतो, खापरावर! पाऊस आला की छत्री, ऊन असलं की? इथं पुस्तकाचं उत्तर टोपी. माझ्या वर्गाचं उत्तर रुमाल. आमच्याकडच्या उन्हात टोपी घालून शेतात जाणारा माणूस मुलांनी पाहिलेला नाही, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळणारेच सगळे. मी रुमालाला पूर्ण गुण देते. नातं बरोबर जुळलंय ना, मग झालं. हे असं गुण देताना मला जो आनंद होतो तो सात्त्विक वगैरे अजिबात नसतो. प्रत्येक रुमालागणिक मी त्या माणसाची थोडी जिरवत असते.

तो माणूस म्हणजे माझे चौथीचे गुरुजी. तेव्हा शिष्यवृत्ती चौथीला असायची. गुरुजी दुसऱ्या गावाहून लुनावर यायचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वर्गातल्या सहा जणांना त्यांनी परीक्षेला बसवायचं ठरवलं होतं आणि सहावी मी होते. शाळा सुटल्यावर तासभर थांबून ते आमचा वेगळा वर्ग घेत. मला त्या वर्गाचं इतकं अप्रूप होतं की ताप अंगात असताना मी जाऊन बसले होते.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, गाय : वासरू :: म्हैस : ? माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या, एक महिन्यापूर्वीच व्यालेली. मी उभी राहून जोरात म्हणाले, पारडू.

गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला. म्हणाले, "पारडं वाण्याच्या दुकानात असतं, तराजूला. तुझी म्हैस काय दुकान चालवते का गं?"

वर्ग हसला. बाकीचे पाचच जण, पण पाच जण मिळून किती हसू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. बरोबर उत्तर रेडकू होतं. मी तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. मी हट्टानं म्हटलं, "गुरुजी, आमच्या घरी पारडूच म्हणतात." त्यावर ते म्हणाले, "घरचं घरी ठेवायचं. आधी मराठी शीक, मग शिष्यवृत्ती." दुसऱ्या दिवशी वेगळ्या वर्गात माझ्या जागी दुसरी मुलगी बसलेली होती. मला कुणी काही सांगितलं नाही. मी दारात दप्तर धरून उभी राहिले आणि मग घरी गेले.

घरी माय शेण काढत होती. मी तिला विचारलं, "माय, म्हसना पोरले काय म्हनतस?"

ती हसली. "पारडू म्हनतस. आखो काय म्हनतीन?"

त्या दिवशी मला मायचाही राग आला. तिनं मला चुकीचा शब्द शिकवला म्हणून. हे आज लिहिताना मला लाज वाटते, आणि ती लाजसुद्धा मी गुरुजींच्याच खात्यावर टाकते. शाळेत माझं नाव पारडू पडलं ते पडलंच. दहावीपर्यंत टिकलं. माझ्या हळदीला एक वर्गमित्र आला होता, तो मांडवात सगळ्यांदेखत म्हणाला, "पारडू चाललं सासरी." सासरच्यांनी अर्थ विचारला.

लोक म्हणतात, लहानपणच्या गोष्टी विसराव्यात. का विसराव्यात? मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, पंचवीसेक वर्षं शिकवतेय, आणि या सगळ्याच्या बुडाशी तो खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आहे. मला शिक्षिका व्हायची ओढ होती असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला त्यांच्या जागी उभं राहायचं होतं.

गुरुजी पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे दहाबारा शाळांवरचे अधिकारी झाले, निवृत्त झाले आणि मार्गदर्शक म्हणून नावारूपाला आले. त्यांनी सराव प्रश्नांचा एक संच काढला. आमच्या तालुक्यात तो बहुतेक शाळांत आहे. माझ्याकडे तो आला तेव्हा मी आधी समसंबंधांचं पान उघडलं. मला शोधावं लागलं नाही. गाय : वासरू :: म्हैस : ? खाली चार पर्याय. एक, करडू. दोन, शिंगरू. तीन, रेडकू. चार, पारडू. मागे उत्तरसूची होती, तिच्यात तीन.

बहुपर्यायी प्रश्न तयार करणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. चुकीचा पर्याय कुठूनही उचलून चालत नाही, मुलं फसतील असाच तो असावा लागतो. करडू आणि शिंगरू भरतीला होते. सापळा चौथ्या क्रमांकावर होता. आमच्या मुलांच्या तोंडातला शब्द घेऊन त्याच मुलांसाठी लावलेला. मला वाटलं, हा सापळा त्यांना माझ्यावरून सुचला. माझी फजिती त्यांनी छापून विकायला ठेवली.

त्या रविवारी मी एस.टी.नं धुळ्याला गेले. तिथल्या एका जुन्या वाचनालयात जाडजूड मराठी शब्दकोश आहेत. प चा खंड मागवला. ग्रंथपालांनी विचारलं, काही संशोधन चालू आहे का? मी हो म्हटलं. पारडे, म्हणजे तराजूचं, ते होतं. आणि त्याच्याच वर, आपल्या हक्काच्या जागी, पारडू होतं. अर्थ दिला होता म्हशीचं पिल्लू. अहिराणी म्हणून नव्हे, बोलीतला म्हणून नव्हे, सरळ मराठी शब्द म्हणून. माय बरोबर होती. मी बरोबर होते. मी त्या पानाच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून हमसून रडले. शेजारच्या अक्कांनी विचारलं, "कोनी वारनं का वं बाई?" मी नाही म्हणून मान हलवली.

तेव्हाच नुसतं पत्र लिहून कळवता आलं असतं. पण मला त्यांना कळवायचं नव्हतं, तोंडावर पाडायचं होतं, चारचौघांत. संधी चालून येत होती. आमच्या केंद्रप्रमुखांनी तालुक्यातून तीस मुलं निवडून अमळनेरला रविवारी मोफत वर्ग घ्यायचं ठरवलं होतं. निवड चाचणी गुरुजीच काढणार होते, आणि ते प्रश्न स्वतःच्या संचातूनच उचलतात हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं. माझं गणित साधं होतं. माझ्या वर्गातली अकराच्या अकरा मुलं पारडू रंगवतील, अकराही जण तिथं चुकीचे ठरतील, आणि मी अकरा उत्तरपत्रिका आणि झेरॉक्स घेऊन शिक्षण परिषदेत, केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक सभेत, उभी राहीन. शंभरातला एक गुण. एका गुणानं कुणाचं काय बिघडतं?

मी वर्गात सांगितलं, "म्हशीचं पिल्लू आलं की चौथा पर्याय. पारडूच रंगवायचं. आपला शब्द आहे." मुलांना ते फार आवडलं. आम्ही पुन्हा पुन्हा म्हटलं. मी विचारायचे म्हैस, आणि वर्ग गर्जायचा पारडू. मुख्याध्यापकांनी डोकावून पाहिलं, कसली घोषणा चाललीय म्हणून.

त्या अकरांत एक मुलगी होती. तिची आई कापूस वेचायला आणि निंदायला जाते, वडील नाहीत. खासगी क्लास हा शब्द त्या घरात निघण्याचं कारणच नव्हतं. पण डोकं असं की नातं सांगायच्या आत उत्तर तयार. केळीचा घड, तर द्राक्षांचा? घोस. आणि वर मला विचारायची, मॅडम, मंग फणी कोणाची? मी म्हणाले, घडातल्या एकेका रांगेची. तर म्हणे, मग घड आणि फणी यांचं नातं इमारत आणि मजला यांच्यासारखं. मी हे तिला शिकवलेलं नव्हतं. अमळनेरच्या त्या वर्गात ती गेली तर शिष्यवृत्ती नक्की आणि नवोदयही हाताशी, हे मला ठाऊक होतं. तिला तो एकच रस्ता होता. तिच्या आईनंही तो ओळखला होता. चाचणीच्या दिवशी ती कामावर खाडा करून पोरीबरोबर आली होती.

निकाल लागला. तिसावा मुलगा ब्याऐंशी गुणांवर. माझी ती मुलगी एक्क्याऐंशी. बाकी दहाही बाहेर. खरं सांगायचं तर यादी पाहून मला आधी वाईट वाटलं, आणि लगेच पाठोपाठ आनंद झाला. एका गुणानं! याहून चांगला पुरावा कुठला मिळणार होता? माझ्याच बाबतीत झालं तेच पुन्हा झालं होतं, त्याच माणसाकडून, त्याच शब्दावरून. फरक इतकाच की या वेळी दाराबाहेर राहिलेल्या मुलीच्या बाजूनं उभी राहायला मी होते.

शिक्षण परिषद केंद्रशाळेत होती. केंद्रातले चाळीसेक शिक्षक, आताचे केंद्रप्रमुख, आणि मार्गदर्शनाला गुरुजी. विषय होता, समसंबंध कसे शिकवावेत. गुरुजी म्हातारे झाले होते. शर्ट तसाच पांढरा, खिशाला एकच पेन. त्यांनी छान शिकवलं, हे मला कबूल करावं लागतं आणि ते करताना मला आजही त्रास होतो. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका?

मी उभी राहिले. "सर, निवड चाचणीत म्हशीच्या पिल्लाचा प्रश्न आहे. त्याला दोन उत्तरं बरोबर येतात."

"रेडकू," ते म्हणाले. "दुसरं कोणतं?"

"पारडू."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. गुरुजीही हसले. "मॅडम, ती झाली बोली. आपण प्रमाण भाषा विचारतो."

"प्रमाण भाषेच्या शब्दकोशातलंच पान आणलंय, सर." मी एक झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली, एक केंद्रप्रमुखांपुढे, आणि तिसरी मोठ्यानं वाचली. सावकाश वाचली. प्रत्येक अक्षराची चव घेत वाचली. मग म्हणाले, "खालचा शब्द पारडे, तो तराजूचा. तेवढा मला आधीपासून येतो, सर. तो तुम्हीच मला शिकवलाय. चौथीत. भर वर्गात."

मी या क्षणाची तालीम आयुष्यभर केली होती. आता ते खाली बघतील, चाचरतील, लाल होतील. गुरुजींनी चष्मा लावून पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वर पाहिलं तर त्यांचा चेहरा फुलला होता.

"तुम्ही माझ्या विद्यार्थिनी?" त्यांनी माझं गाव विचारलं, घराणं विचारलं. त्यांना काहीही आठवत नव्हतं. मी नाही, म्हैस नाही, वर्गातून काढल्याचं नाही. मग ते सभेकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरा. आणि बघा, माझीच विद्यार्थिनी आज माझी चूक काढते. शिक्षकाला याहून काय पाहिजे?"

टाळ्या पडल्या. त्यांच्यासाठी. चाळीस माणसं त्यांच्या मोठ्या मनासाठी टाळ्या वाजवत होती आणि मी झेरॉक्स हातात धरून मध्ये उभी होते. माझा सूड त्यांनी माझ्या हातून हार घ्यावा तसा घेतला आणि गळ्यात घालून बसले.

चहाच्या वेळी ते आपल्या जुन्या सोबत्याला सांगत होते, "आम्हना घर बी पारडूच म्हनतस ना भो!" आणि दोघं हसत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तो गरम चहा त्या पांढऱ्या शर्टावर ओतावा असं मला वाटलं, हे मी लपवणार नाही. त्यांना तेव्हाही माहीत होतं. त्यांची मायही पारडूच म्हणत होती.

पण मला अजून माझी मुलगी आत न्यायची होती. केंद्रप्रमुखांनी ठरवलं की पहिल्या यादीतल्या कुणाला काढायचं नाही, आणि दुरुस्तीनंतर ज्यांचे ब्याऐंशी होतील त्यांनाही घ्यायचं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिथेच कपाटात होता. जेवणानंतर आम्ही तिघं शिक्षक तपासायला बसलो. गुरुजी शेजारी खुर्ची घेऊन बसले. माझ्या वर्गातल्या दहा जणांना एकेक गुण वाढला. दुसऱ्या एका शाळेतला मुलगा ब्याऐंशीवर येऊन आत गेला. मग तिची पत्रिका आली.

त्या प्रश्नापुढे दोन वर्तुळं रंगवलेली होती. तिसरं आणि चौथं. तिसऱ्यावर पेनानं फुली मारलेली होती, अगदी पट्टी लावून मारल्यासारखी नीट.

दोन वर्तुळं रंगवली की शून्य. हा नियम मी स्वतः वर्गात शंभरदा सांगितलाय. काळं पेन खोडता येत नाही. केंद्रप्रमुख हळहळले, पण पुढच्या पत्रिकेकडे वळले. एकीला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, म्हणाले. ते बरोबरच होतं. तिसरं एकटं ठेवलं असतं तर ती पहिल्याच यादीत होती. चौथं एकटं ठेवलं असतं तर ती आज आत आली असती.

गुरुजींनी पत्रिका उचलून डोळ्यांजवळ धरली. "हिला येत होतं की," ते म्हणाले. "मग खोडलं कशाला हिनं?"

मी त्यांच्या हातून पत्रिका घेऊन गठ्ठ्यात ठेवली.

संध्याकाळी परतताना मी तिच्या घरी गेले. आई अजून शेतातून यायची होती. मुलगी ओट्यावर बसून विळीवर भेंडी चिरत होती. मी तिला विचारलं, त्या प्रश्नाला दोन वर्तुळं कशी काय रंगवलीस? तिला वाटलं मी रागावलेय. ती उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी.

"मॅडम, पयले मी रेडकू करेल व्हतं. माले ते पुस्तकमा दिखेल व्हतं. मंग तुम्हनं सांगेल याद उनं, म्हनीसन त्यावर फुली मारी आनि पारडू करं."

"दोन केली की शून्य मिळतं, माहीत होतं ना तुला?"

"व्हतं."

"मग?"

तिनं विळीकडे बघितलं. "तुम्हले पारडूच पाहिजे व्हतं ना."

मला खूप बोलायचं होतं. गुरुजींचं सांगायचं होतं, लुना, खडू, हळद, शब्दकोश, सगळं. पण त्यातल्या कशाशीही तिचा संबंध नव्हता. तिचं काही बिघडवलं असेल तर ते त्यांनी नाही. ते मी केलं होतं, तिचं नाव घेऊन, तिच्या डोक्यावर हात ठेवून. ती मोठी होऊन कुणाचा राग धरायचा म्हणाली तर कुणाचा धरावा, याचं उत्तर मला समोर दिसत होतं आणि मी ते तिला दिलं नाही.

मी एवढंच म्हणाले, "यापुढे तुला जे येतं तेच लिहायचं. मी काहीही सांगितलं तरी माझं ऐकायचं नाही. कळलं?"

"हो मॅडम," ती लगेच म्हणाली.